घरच्या घरी डॅशकॅम: वीज कधीही जाईल, हे धरून केलेली बांधणी

डॅशकॅम तासन्‌तास चालतो आणि त्यातलं जवळजवळ सगळं चित्रीकरण कोणी कधीच पाहत नाही. पाहायची वेळ येते तेव्हा हवे असतात ते अपघाताच्या आधीचे आणि नंतरचे दहा-पंधरा सेकंद. नेमक्या त्याच क्षणी बॅटरीची वायर तुटू शकते, फ्यूज उडू शकतो, कॅमेरा काचेवरून निखळू शकतो. म्हणून घरी डॅशकॅम बनवताना ‘चित्र किती छान येतं’ याच्या आधी एक प्रश्न विचारायचा: या क्षणी वीज गेली तर कार्डावर काय उरेल? पुढची प्रत्येक निवड याच प्रश्नावरून केली आहे.

साधा, एकदा चिकटवला की विसरून जायचा कॅमेरा हवा असेल, तर तयार डॅशकॅम घ्या, त्यात कमीपणा नाही. लेन्स, फाइलचा प्रकार, किती जुनं चित्रीकरण ठेवायचं हे स्वतः ठरवायचं असेल आणि मोबाइल ॲपच्या कुबड्या नको असतील, तर मात्र हा उद्योग करण्यासारखा आहे. सोल्डरिंग आणि लिनक्सची थोडी सवय असावी.

बोर्ड आणि कॅमेरा

बोर्ड म्हणून रास्पबेरी पाय झिरो २ डब्ल्यू हा एका पट्टीवर मावणारा संगणक घ्या (पुढे नुसता ‘पाय’ किंवा ‘झिरो’). २०२१ मध्ये आलेल्या या छोट्या बोर्डात चार कोअर आणि ५१२ एमबी रॅम आहे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे १०८०पी चित्रीकरण ३० फ्रेमच्या वेगाने एच.२६४ या आटोपशीर व्हिडिओ-प्रकारात बदलणारा हार्डवेअर एन्कोडर, म्हणजे त्याच कामाचं वेगळं सर्किट, आहे. त्यामुळे प्रोसेसर मोकळा राहतो, उष्णता कमी होते आणि वीजही थोडीच लागते. पाय ४ मध्येही हा एन्कोडर आहे, घरात पडून असेल तर तो वापरा. पाय ५ मात्र टाळा. तो कितीतरी वेगवान असला तरी त्यात एच.२६४चा हार्डवेअर एन्कोडर नाही, सगळं काम प्रोसेसरवर येतं. बंद गाडीत आधीच तापलेल्या डबीत ते परवडत नाही.

कॅमेऱ्यासाठी कॅमेरा मॉड्यूल ३ चांगला. सोनीचा आयएमएक्स७०८ सेन्सर, १२ मेगापिक्सेल, आणि एचडीआर, म्हणजे उजेड आणि अंधार एकाच चित्रात सांभाळणं. बोगद्यातून बाहेर पडताना किंवा समोरून ऊन येताना एचडीआरचा फरक लगेच दिसतो. झिरोचा कॅमेरा सॉकेट लहान, २२ पिनांचा असतो आणि मॉड्यूलचा १५ पिनांचा, म्हणून दोन टोकं वेगळी असलेली रिबन केबल मागवायला विसरू नका.

हे मॉड्यूल साध्या आणि वाइड अशा दोन लेन्समध्ये मिळतं. इथे बहुतेक जण डोळे झाकून वाइड घेतात. त्याआधी थोडं गणित करू. साध्या लेन्सचा आडवा कोन ६६ अंश, वाइडचा १०२ अंश. दहा मीटर अंतरावर साधी लेन्स सुमारे १३ मीटर रुंदीचा पट्टा पाहते, तर वाइड जवळजवळ २५ मीटर. दोन्हींत आडवे पिक्सेल १९२०च. म्हणजे अर्धा मीटर रुंद नंबरप्लेटच्या वाट्याला साध्या लेन्समध्ये सुमारे ७४ पिक्सेल येतात आणि वाइडमध्ये ३९. प्लेटवर नऊ-दहा अक्षरं असतील तर वाइडमध्ये एका अक्षराला चार पिक्सेल. ते वाचता येत नाही. वाइड लेन्स चौकातली आडवी घुसलेली गाडी पकडते, साधी लेन्स पळून गेलेल्या गाडीचा नंबर पकडते. एकच कॅमेरा लावणार असाल तर माझं मत साध्या लेन्सला.

वीज: सगळ्यात नाजूक भाग

गाडीची वीज ‘१२ व्होल्ट’ म्हणवते, पण ती १२ वर क्वचितच असते. इंजिन चालू असताना १३.५ ते १४.५. सेल्फ मारताना पहिल्या काही दहा मिलिसेकंदांत ती ६ व्होल्टच्या आसपासही कोसळते आणि मग इंजिन पेट घेईपर्यंत ८-९ वर रेंगाळते. उलट, अल्टरनेटर चार्ज करत असताना बॅटरीचं कनेक्शन सुटलं, तर काही क्षण कित्येक पटींनी जास्त व्होल्टेजचा झटका येतो. टेबलावर छान चालणारा, १२चे ५ व्होल्ट करणारा स्वस्त कन्व्हर्टर गाडीत मरतो तो अशाच झटक्यांनी.

म्हणून निदान ४० व्होल्ट इनपुट सोसणारा, गाडीसाठी बनवलेला, ५ व्होल्ट ३ ॲम्पिअरचा बक (व्होल्टेज उतरवणारा) कन्व्हर्टर घ्या. त्याच्या आधी, बॅटरीकडून येताना, या क्रमाने: २ ॲम्पिअरचा फ्यूज, झटका शोषणारा टीव्हीएस डायोड (एसएमबीजे२४ए चालतो) पॉझिटिव्ह आणि अर्थच्या मध्ये, मग सरळ मार्गात एक शॉटकी डायोड (वीज एकाच दिशेने सोडणारा), आणि त्यानंतर ४७०० मायक्रोफॅरडचा, ५० व्होल्टचा कॅपॅसिटर. सेल्फच्या वेळची ती पहिली खोल घसरण हा कॅपॅसिटर भरून काढतो, आणि शॉटकीमुळे त्याची वीज उलटी गाडीत जात नाही.

वीज घ्यायची कुठून? सोपा रस्ता म्हणजे सिगारेट लायटरच्या सॉकेटमधला चांगला यूएसबी चार्जर. किल्ली फिरवली की वीज येते, काढली की जाते. पुढे सांगितल्याप्रमाणे कार्डाची मांडणी केली तर असं अचानक जाणं या कॅमेऱ्याला बाधत नाही. फ्यूज बॉक्सला हात लावायचा नसेल तर इथेच थांबा आणि पुढच्या विभागाकडे वळा.

पक्कं काम करायचं असेल तर फ्यूज बॉक्समधून दोन वायरी काढाव्या लागतात. एक कायम वीज असलेली, दुसरी फक्त किल्ली फिरवल्यावर वीज येणारी, म्हणजे एसीसी. मल्टीमीटरचं काळं टोक चेसिसच्या बोल्टला, लाल टोक एकेका फ्यूजच्या डोक्यावर, आणि किल्ली चालू-बंद करून पाहायचं. जोडणीसाठी वायर कापायची नाही, फ्यूज टॅप, म्हणजे फ्यूजच्या जागी बसून वेगळी वायर काढून देणारा तुकडा, वापरायचा. एअरबॅग, एबीएस आणि इंजिन कंट्रोलच्या फ्यूजना कधीही हात लावू नका. रेडिओ किंवा लायटरचा फ्यूज बरा.

कायम वीज ऑफ-डिले टायमरमधून कन्व्हर्टरला द्यायची. एसीसी गेल्यावर टायमर आणखी मिनिटभर वीज चालू ठेवतो आणि मग स्वतःच तोडतो. एसीसी आहे की गेली, हे पायला कळण्यासाठी पीसी८१७ हा ऑप्टोकपलर लावा, तो दोन सर्किटं विजेने न जोडता प्रकाशाने संदेश पोचवतो: एसीसीची वायर २.२ किलोओहमच्या रेझिस्टरमधून त्याच्या आतल्या एलईडीला, आणि दुसऱ्या बाजूचा ट्रान्झिस्टर पायची जीपीआयओ १७ ही पिन आणि पायचा ग्राउंड यांमध्ये. १४ व्होल्ट थेट पायच्या पिनला लागले तर बोर्ड तत्क्षणी गेला म्हणून समजा. पायच्या पिना ३.३ व्होल्टच्याच आहेत.

लिथियमचे सेल किंवा पॉवर बँक बॅकअप म्हणून लावायचा मोह होतो. लावू नका. उन्हात उभ्या गाडीत डॅशबोर्डचा पृष्ठभाग ७० अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. काचेमागे, डोक्याजवळ लिथियम सेल ठेवण्याची ही जागा नव्हे.

गाडी उभी असतानाही चित्रीकरण चालू ठेवावं का, हा प्रश्न येतोच. हा संच सुमारे अडीच वॉट खातो, म्हणजे बॅटरीतून ०.२ ॲम्पिअर, दिवसाला ५ ॲम्पिअर-तास. ४५ ॲम्पिअर-तासांची बॅटरी चार दिवसांत निम्म्यावर येईल, आणि ती जुनी असेल तर त्याआधीच उतरेल. करायचंच असेल तर १२.२ व्होल्टला वीज तोडणारं कट-ऑफ मॉड्यूल लावा. मी तरी याच्या वाटेला जाऊ नका असंच सांगेन.

कार्ड आणि ऑपरेटिंग सिस्टिम

कार्डाच्या वेगाची चिंता नको. १० मेगाबिटचं चित्रीकरण म्हणजे सेकंदाला जेमतेम सव्वा एमबी, आणि साधं यू१ कार्डही १० एमबी लिहितं. प्रश्न झिजेचा आहे. तेच तेच भाग पुन्हा पुन्हा लिहिले जातात, म्हणून ‘हाय एन्ड्युरन्स’ लिहिलेलं कार्डच घ्या. मिनिटाला ७५ एमबी, तासाला साडेचार जीबी. ६४ जीबीच्या कार्डात सिस्टिमची जागा सोडून अकरा-बारा तास मावतात.

रास्पबेरी पाय ओएसची लाइट आवृत्ती टाका. एकदा सुरू करून घ्या, मग कार्ड लिनक्सच्या संगणकात घालून जीपार्टेडने मुख्य पार्टिशन ८ जीबीपर्यंत आखडा आणि उरलेल्या जागेत ‘व्हिडिओ’ नावाचं दुसरं एक्स्ट४ पार्टिशन करा. सगळं सॉफ्टवेअर बसवून झाल्यावर, अगदी शेवटी, रास्पी-कॉन्फिगमधून ओव्हरले फाइल सिस्टिम चालू करा. यानंतर मुख्य पार्टिशनवर काहीही लिहिलं जात नाही, तात्पुरते बदल रॅममध्येच राहतात. वीज कितीही वेळा तुटली तरी पाय पुन्हा तसाच उभा राहतो.

इथे एक खोच आहे. ओव्हरले कधीकधी व्हिडिओचं पार्टिशनही आपल्या पंखाखाली घेतं. मग सगळं नीट चाललेलं दिसतं, फाइली दिसतात, आणि वीज गेली की सगळ्या गायब. ओव्हरले चालू केल्यावर व्हिडिओच्या पार्टिशनवर एक रिकामी फाइल करा, ‘सिंक’ (रॅममधलं सगळं कार्डावर उतरवणारी आज्ञा) द्या, वीज काढा, परत लावा. फाइल नाहीशी झाली असेल तर बूट पार्टिशनवरच्या सीएमडीलाइन फाइलमध्ये ओव्हरलेरूटच्या पर्यायात ‘रिकर्स’ शून्य करा.

आता एक सेटिंग, जे बहुतेक लेखांत सापडत नाही. लिनक्स लिहायला दिलेला मजकूर लगेच कार्डावर लिहीत नाही, रॅममध्ये साठवतो. मूळ सेटिंगप्रमाणे ‘डर्टी एक्स्पायर’ ३००० सेंटिसेकंद आहे, म्हणजे ३० सेकंद. अपघातात वीज तुटली तर शेवटचा अर्धा मिनिट, ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला तोच, रॅमबरोबर नाहीसा होऊ शकतो. सिसकंट्रोलच्या फाइलमध्ये ‘डर्टी एक्स्पायर’ १०० आणि ‘डर्टी रायटबॅक’ ५० करा, आणि व्हिडिओचं पार्टिशन माउंट करताना ‘कमिट’ १ सेकंद ठेवा. कार्ड थोडं जास्त झिजेल, झिजू द्या.

चित्रीकरण

फाइलचा प्रकार एमपी४ ठेवू नका. साध्या एमपी४ची अनुक्रमणिका फाइल बंद होताना लिहिली जाते. त्याआधी वीज गेली तर पूर्ण मिनिटाची फाइल उघडतच नाही. एमपीईजी-टीएस हा प्रकार मुळात प्रक्षेपणासाठी, म्हणजे मध्येच तुटणाऱ्या प्रवाहासाठी बनला आहे. तो १८८ बाइटच्या छोट्या पाकिटांत लिहिला जातो, त्यामुळे फाइल कुठेही तुटली तरी तिथपर्यंतचं चित्र दिसतं.

आरपीआयकॅम-व्हिड या प्रोग्रॅमला १०८०पी, १० मेगाबिट, एच.२६४ असं सांगायचं, ‘इनलाइन’ चालू ठेवायचं आणि ‘इंट्रा’ म्हणजे पूर्ण फ्रेम दर सेकंदाला एक ठेवायची. त्याचं आउटपुट पाइपमधून एफएफएमपेग या व्हिडिओ हाताळणाऱ्या प्रोग्रॅमला द्यायचं. तिथे इनपुटचा फ्रेमवेग स्पष्ट सांगायचा, कारण कच्च्या एच.२६४ प्रवाहात वेळेची नोंद नसते. एफएफएमपेगने पुन्हा एन्कोड न करता फक्त ‘कॉपी’ करायचं आणि ६० सेकंदांच्या टीएस फाइली पाडायच्या. फाइलचं नाव तारीख-वेळेचं. हे सगळं सिस्टमडीच्या (लिनक्समध्ये प्रोग्रॅम आपोआप सुरू करणाऱ्या यंत्रणेच्या) सर्व्हिसमध्ये घालून ‘रीस्टार्ट’ला ‘ऑलवेज’ द्या.

फोकस ‘मॅन्युअल’ आणि लेन्सची जागा ० ठेवा, म्हणजे अनंतावर. ऑटोफोकस चालू राहिला तर पावसाचा थेंब किंवा काचेवरचा डाग बघून कॅमेरा तिथेच अडकतो. एक्स्पोजर ‘स्पोर्ट’ ठेवा, म्हणजे प्रत्येक फ्रेम कमीत कमी वेळात टिपली जाते. ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाच्या तिसाव्या भागात ५५ सेंटिमीटर पुढे जाते, पाचशेव्या भागात साडेतीन सेंटिमीटरसुद्धा नाही. चित्र थोडं काळपट आलं तर चालेल, नंबर पुसट नको.

फ्रेमवेग २७ ठेवा. आकडा विचित्र वाटेल, पण कारण साधं आहे. पुष्कळ एलईडी सिग्नल विजेच्या दुप्पट वेगाने लुकलुकतात: ५० हर्ट्झच्या देशांत सेकंदाला १०० वेळा, ६० हर्ट्झच्या देशांत १२० वेळा. २५ किंवा ३० फ्रेमचा वेग त्याच्याशी ताल जुळवून बसला, तर प्रत्येक फ्रेम नेमकी दिवा विझलेल्या क्षणी पडू शकते आणि लाल सिग्नल कित्येक सेकंद बंद दिसतो. सिग्नल कोणी तोडला हाच वाद असेल तर असं चित्रीकरण काय कामाचं? २७चा दोन्हींशी ताल जुळत नाही.

जुन्या फाइली काढायला दर मिनिटाला चालणारी छोटी स्क्रिप्ट पुरते: मोकळी जागा १० टक्क्यांखाली गेली की सगळ्यात जुनी फाइल काढा, पुरेशी जागा होईपर्यंत. ‘जतन’ नावाच्या फोल्डरला मात्र तिने हात लावायचा नाही.

किल्ली काढल्यावर

लायटरचा सोपा रस्ता घेतला असेल तर हा विभाग सोडा, हा फ्यूज बॉक्समधून एसीसीची वायर काढणाऱ्यांसाठी आहे. एसीसी गेली की पाय शटडाउन करायचा, असं सगळीकडे सांगतात. त्यात दोन अडचणी आहेत. सेल्फ मारताना पुष्कळ गाड्या एसीसी क्षणभर तोडतात, तेवढ्यात पाय बंद व्हायला लागतो. आणि तुम्ही किल्ली काढून वीस सेकंदांत पुन्हा लावली, तर पाय बंद झालेला असतो पण टायमरमुळे वीज चालूच असते. मग त्याला उठवणारं कोणी नाही. पुढचा सगळा प्रवास चित्रीकरणाविना.

म्हणून शटडाउन करायचंच नाही. स्क्रिप्ट दर सेकंदाला जीपीआयओ १७ बघते. पिनला आतला पुल-अप (पिन एरवी ३.३ व्होल्टवर धरून ठेवणारा रेझिस्टर) द्या, म्हणजे एसीसी असताना ती लो आणि गेल्यावर हाय होते. सलग दहा सेकंद हाय राहिली तर चित्रीकरण थांबवा, सिंक करा, व्हिडिओचं पार्टिशन रीड-ओन्ली माउंट करा आणि वाट पाहत राहा. एसीसी परत आली तर पुन्हा लिहिण्याजोगं माउंट करून चित्रीकरण सुरू. नाही आली तर टायमर वीज तोडेल, आणि त्या वेळी कार्डावर कुठेच लेखन चालू नसेल.

घड्याळ, जीपीएस, धक्का

झिरोमध्ये घड्याळ नाही. नेटशिवाय सुरू झाला की चुकीची तारीख धरतो, आणि चुकीच्या वेळेच्या चित्रीकरणाला पुरावा म्हणून कोणी विचारत नाही. डीएस३२३१ घड्याळ लावा, त्याची चूक वर्षाला मिनिटभराच्या आसपास असते. त्याला वीज ५ व्होल्टच्या पिनवरून न देता ३.३च्या पिनवरून द्या. बाजारातल्या बऱ्याच मॉड्यूलमध्ये सेल चार्ज करणारं सर्किट असतं, आणि ५ व्होल्ट दिले तर ते चार्ज न होणाऱ्या सीआर२०३२ सेललाही चार्ज करू पाहतं. तापलेल्या गाडीत ते धोक्याचं.

निओ-६एम हा जीपीएस वेग आणि जागा सांगतो. त्याच्या आरएमसी ओळीतला वेग नॉटमध्ये असतो, किलोमीटरसाठी १.८५२ने गुणा. अक्षांश-रेखांशही सरळ दशांशात नसतात, अंश आणि मिनिटं एकत्र लिहिलेली असतात. हे वेगळ्या मजकूर फाइलीत, त्याच नावाने साठवा. चित्रावर वेळ छापायला प्रोसेसर राबवावा लागतो, झिरोवर ते टाळलेलं बरं.

धक्का ओळखायला एमपीयू६०५० हा प्रवेग मोजणारा सेन्सर लावता येतो. तो आणि डीएस३२३१ दोघांचाही पत्ता (हेक्स) ६८ आहे, त्यामुळे एकाच आय२सी बसवर, म्हणजे सामायिक तारांवर, भांडतात. एमपीयूची एडी० पिन ३.३ला जोडली की त्याचा पत्ता ६९ होतो. खड्डे आणि गतिरोधक उभ्या दिशेला उसळतात, म्हणून फक्त आडव्या दोन अक्षांकडे बघा आणि मर्यादा २ जीच्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या दुपटीच्या, आसपास ठेवा. करकचून ब्रेक मारला तरी तो १ जीच्या आसपासच राहतो. धक्का लागला किंवा बटण दाबलं की आधीची आणि चालू, आणि पूर्ण झाल्यावर पुढची, अशा तीन फाइली ‘जतन’मध्ये हलवायच्या. सेन्सर नसला तरी चालेल, बटण मात्र हवंच.

आणि एक एलईडी. तो प्रोग्रॅम चालू आहे म्हणून लावू नका, ताज्या फाइलचा आकार गेल्या दोन सेकंदांत वाढला असेल तरच लावा. कार्ड मेलं, रिबन निसटली, जागा संपली, काहीही झालं तरी दिवा विझतो. सोबत सिस्टमडीचा हार्डवेअर वॉचडॉग, म्हणजे पाय गोठला तर त्याला पुन्हा सुरू करणारी सोय, १० सेकंदांवर ठेवा.

बसवणी

जागा आरशामागे, वायपर पुसतो त्या भागात, चालकाच्या नजरेआड. डबी थ्रीडी प्रिंट करणार असाल तर पीएलए प्लास्टिक नको, ते ६० अंशांच्या आसपासच मऊ पडतं. एएसए किंवा एबीएस प्लास्टिक घ्या. काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, व्हीएचबी (दोन्ही बाजूंनी घट्ट चिकटणारी) टेप दाबून लावा आणि शक्य असेल तर तीन दिवस त्यावर वजन टांगू नका. तिची पूर्ण पकड यायला ७२ तास लागतात.

वायर छताच्या कडेने आणि समोरच्या खांबाच्या आतून खाली न्यायची. त्या खांबात पडदा-एअरबॅग असेल तर वायर तिच्या मागूनच गेली पाहिजे. समोरून नेली तर एअरबॅग फुगताना ती वायर माणसाच्या चेहऱ्याकडे फेकली जाईल. खात्री नसेल तर हे एवढं काम जाणकाराकडून करून घ्या.

वीज ओढून पाहा

काचेवर चिकटवण्याआधी सगळा संच टेबलावर मांडा. मोबाइलवर स्टॉपवॉच लावून कॅमेऱ्यासमोर धरा, चित्रीकरण चालू द्या, आणि आकड्यांकडे बघत असतानाच कन्व्हर्टरची वायर सरळ उपटा. समजा स्टॉपवॉचवर १ मिनिट ४७ सेकंद (१:४७) असताना उपटली. कार्ड संगणकात घालून शेवटची फाइल उघडा: तिच्यात १:४४ किंवा १:४५पर्यंतचे आकडे दिसले पाहिजेत. १:२०लाच थांबली असेल तर डर्टीची सेटिंग्ज लागू झालेली नाहीत. उघडलीच नाही तर एमपी४ कुठेतरी उरलंय. मिनिटाच्या सुरुवातीला, मध्ये, नेमकी फाइल बदलताना, अशी वेगवेगळ्या क्षणी उपटून बघा. मग गाडीत जोडून किल्लीशी खेळा: काढून लगेच लावा, सेल्फ मारा, इंजिन बंद करून दोन मिनिटांनी चालू करा. दर वेळी एलईडी आपोआप परत लागला पाहिजे.

प्रसंग घडल्यावर

आधी माणसं सांभाळा. मग बटण दाबा, पुढची फाइल पूर्ण होऊ द्या, वीज काढा आणि कार्ड बाहेर काढून ठेवा, म्हणजे नवीन चित्रीकरण त्यावर चढणार नाही. मूळ फाइल जशीच्या तशी दोन ठिकाणी कॉपी करा आणि तिचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलमधून काढलेला, जरा बदल झाला तरी बदलणारा ठसा, लिहून ठेवा. नंतर कोणी फेरफाराचा संशय घेतला तर तो कामी येतो. कापाकापी, रूपांतर, जे काही करायचं ते कॉपीवर.

रस्त्यावरच्या लोकांचं चित्रीकरण करण्याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१८ मध्ये असा निवाडा दिला की सतत, कारणाविना केलेलं चित्रीकरण माहिती-संरक्षणाच्या नियमांत बसत नाही, तरीही अपघाताच्या खटल्यात ते पुरावा म्हणून चालू शकतं. आपल्या देशातला नियम वाचून मगच कॅमेरा लावा. माइक लावू नका: गाडीतल्या लोकांचं बोलणं नोंदवण्याचे नियम बऱ्याच ठिकाणी चित्रापेक्षा कडक असतात. ‘जतन’मधल्या फाइली सोडून बाकी सगळं अकरा-बारा तासांत आपोआप पुसलं जातं, ती मुदत मोठ्या कार्डाने वाढवत बसू नका. महिन्यातून एकदा कार्ड काढून दोन-चार फाइली चालवून पाहा आणि काच आतून पुसा. कार्ड वर्षभर वापरलं की त्याच्या तक्रारीची वाट न पाहता बदलून टाका.